चौथ्या मजल्याची खिडकी

६ जानेवारी

दादा,

फोन केला की तू "हो हो, बघतो" म्हणतोस आणि तुझ्या खुर्चीत कोणीतरी आ वासून बसलेलं असतं. त्या बिचाऱ्याची दाढ महत्त्वाची की माझं काम, हे मलाच ठरवता येत नाही आणि मी फोन ठेवते. म्हणून हे पत्र. कागदाला "नंतर बोलू" असं सांगता येत नाही.

बातमी चांगली आहे. आमच्या कपडाघराच्या मुख्य बाई पुढच्या वर्षी निवृत्त होतायत, आणि मेट्रनबाईंनी मला बोलावून विचारलं, त्यांच्या जागी तुम्ही येता का. इतकी वर्षं मी हॉस्पिटलच्या चादरी आणि ऑपरेशनचे झगे शिवतेय, फाटलेले सांधतेय. आता दुसऱ्यांकडून शिवून घ्यायचं. मी हो म्हणायला तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात त्यांनी अट सांगितली. पहिलं ऑपरेशन सुरू व्हायच्या आत कपडाघर उघडावं लागतं, आणि अडीनडीला धावत यावं लागतं, म्हणून मुख्य बाईने चालत येण्याइतकं जवळ राहायला हवं. मी राहते तिथून पहिली बस सुटते तेव्हा तुझा सकाळचा दुसरा चहा झालेला असतो.

हॉस्पिटलच्या आसपास खोली शोधून शोधून चपला झिजल्या. आहेत ती सगळी मोठमोठी घरं. भाडं ऐकलं की हॉस्पिटलातच भरती व्हावंसं वाटतं, निदान कॉट तरी मिळेल. छोटी खोली म्हणून या भागात कोणी बांधतच नाही.

आता खरं काम. तुझ्या घरासमोर बर्फाचा कारखाना होता, त्या मोकळ्या जागेवर चार मजली इमारत येणार आहे म्हणतात. सगळ्या एकेका माणसापुरत्या खोल्या, आणि त्यातल्या काही आमच्या हॉस्पिटलच्या लोकांसाठी राखलेल्या. मेट्रनबाई म्हणाल्या, यादीत पहिलं नाव तुमचं घालते. इमारतीला परवानगी मिळाली की खोली तुमची, आणि खोली तुमची म्हणजे पदही तुमचंच. तू गल्लीच्या समितीत आहेस ना? जरा लक्ष घाल. तुझ्या शब्दाला तिथे वजन आहे हे मला ठाऊक आहे. तू दर वेळी सांगतोसच.

वहिनीला नमस्कार. पत्र नेहमीसारखं हॉस्पिटलच्या पत्त्यावरच पाठव, घरी टपालाचा घोळ असतो.

तुझी ठकी


१५ जानेवारी

प्रिय ठके,

आशीर्वाद आहेतच, ते लिहिण्यात शाई घालवत नाही. तुझी बातमी वाचून ऊर भरून आला. आई असती तर गल्लीभर सांगत फिरली असती की माझ्या बहिणीची पोर मुख्य बाई होणार. तिने तुला लहानपणी वाढवलं ते काही वाया गेलं नाही.

समोरच्या जागेचं अजून सगळं कच्चं आहे. आमच्या भागात नियम असा, की दोन मजल्यांच्या वर काही बांधायचं तर आधी शेजाऱ्यांची सुनावणी घ्यायची. नगरपालिकेचे अधिकारी येतात, लोक आपापलं म्हणणं मांडतात, मग ते निर्णय देतात. मी लक्ष घालतोच आहे. तू निश्चिंत राहा.

बाकी इकडे रडगाणंच. बेकरीवाल्याने संध्याकाळचं दुकान उघडणं बंद केलं, म्हणे माणूस मिळत नाही. दवाखान्यातली माझी मदतनीस रोज उशिरा उगवते, दोन बस बदलून येते म्हणे. तुमच्या हॉस्पिटलातही नर्स नाहीत म्हणून एक वॉर्ड कुलपात आहे ना? या शहराला काय झालंय कळत नाही. काम पडलंय, गिऱ्हाईक दारात उभं आहे, आणि लोकांना काम करायला नको.

तुझ्याकडेही एक काम आहे. इथली रीत अशी, की इमारत किती उंच होणार ते दिसावं म्हणून बांधणाऱ्याने जागेवर तेवढ्या उंचीचे बांबू रोवून त्यांना फीत बांधायची. पण फीत कोणाच्या डोळ्यांत भरते? वरच्या दोन मजल्यांच्या जागी अख्खं कापड ताणून लावलं तर लोकांना इमारतीची नीट कल्पना येईल, असं समितीचं म्हणणं आहे. म्हणजे माझंच, पण समितीला पटलं. एवढं मोठं कापड इथे कोणी शिवून देत नाही. तुमच्याकडे निकालात काढलेल्या चादरी असतात ना? समिती हॉस्पिटलकडून त्या रीतसर विकत घेईल. शिवशील का? सुनावणीच्या आधी हवं.

तुझा दादा


२ फेब्रुवारी

दादा,

कापड तयार आहे. बाळ यायच्या आधी झबली शिवतात, तशी तुमच्या गल्लीत इमारतीची तयारी झाली.

सगळ्या जुन्या चादरी उजेडात धरून पाहिल्या, विरलेल्या बाजूला काढल्या. शिवण दुहेरी घातली आहे. वरखाली दोरी ओवायला नेफा आहे, आणि मधेमधे चिरा देऊन त्यांच्या कडा दुमडून शिवल्यात, म्हणजे वारा आरपार जाईल, कापड शिडासारखं फुगून फाटणार नाही. हे तू सांगितलं नव्हतंस, पण तुला दातांपलीकडे काय कळतं. कपडाघरातल्या सगळ्या जणी जेवणाच्या सुट्टीत हातभार लावत होत्या. "ठकीच्या घराची भिंत" म्हणून. आमच्यातल्या आणखी दोघींची नावं त्या यादीत आहेत, शिवाय ड्रेसिंग करणारा आहे, रात्रपाळीच्या नर्स आहेत. प्रत्येक जण येऊन आपला मजला कुठला ते विचारून जायचा. दुपारभर नुसता कालवा.

मी एक आगाऊपणा केला आहे, रागावू नकोस. चौथा मजला, डावीकडून दुसरी जागा. तिथे ऑपरेशनच्या झग्याचा निळा तुकडा लावलाय, चौकोनी. ती माझी खिडकी. तिथून तुमची गच्ची सरळ दिसेल. तू व्यायामाचं नाव करून पेपर वाचत बसतोस ते वहिनीला कळवत जाईन.

लोकांना काम नको म्हणून लिहिलंस त्यावर हसले. माणसं आहेत रे. सकाळी सगळी बसमध्ये असतात, एकमेकांच्या पायांवर उभी. बेकरीवाल्याला म्हणावं, ये आणि निवडून घे.

माझी सध्याची खोली वाईट नाही हं, चांगली हवेशीर आहे, नुसती लांब आहे. तरी तू समितीत आहेस म्हणून जीव भांड्यात पडला. नाहीतर अशा ठिकाणी आमच्यासारख्यांचं कोण बोलणार.

तुझी ठकी


१३ फेब्रुवारी

प्रिय ठके,

कापड पोचलं आणि चढवलंही. काय शिवलं आहेस. बांबूंवर ताणल्यावर गल्लीतले सगळे घराबाहेर येऊन माना वर करून बघत उभे होते. असा परिणाम होईल असं मलाही वाटलं नव्हतं. वहिनी म्हणाली, खरीच इमारत आली की काय असं वाटतं. सकाळी त्याची सावली आमच्या अंगणात येते, तिच्या कुंड्यांपर्यंत.

सुनावणी बारा मार्चला, शाळेच्या सभागृहात आहे. तू येण्याच्या भानगडीत पडू नकोस. उगाच रजा जाईल. कंटाळवाणा प्रकार असतो, लोक गटारापासून कुत्र्यांपर्यंत वाटेल ते बोलतात. आणि हो, फार आशा बांधून बसू नकोस. अशा गोष्टींत अनेकांची अनेक मतं असतात. गल्ली जुनी आहे, लोक भाबडे आहेत, बदलाला घाबरतात. काही झालं तरी तुझ्यासारख्या कामसू बाईला जागेची काय कमतरता.

माझी मदतनीस काम सोडते आहे. आता मी एका हाताने दात धरू आणि दुसऱ्या हाताने फोन घेऊ.

तुझा दादा


१७ मार्च

प्रिय ठके,

मन घट्ट करून वाच. निकाल आपल्या बाजूने लागला नाही. चार मजल्यांना परवानगी नाकारली. आता तिथे नियमात बसतील अशी दुमजली घरं होतील, अंगण आणि गाड्यांच्या जागेसकट. म्हणजे छोट्या खोल्यांचा विषय संपला.

मी माझ्या परीने बोललो. पण अधिकाऱ्यांनी सरळ विचारलं की या इमारतीत राहायला येणारं कोणी इथे हजर आहे का, आणि एकही माणूस उठला नाही. मग बाजू लंगडी पडणारच. ज्यांना गरज आहे तेच येत नाहीत, त्याला कोण काय करणार.

मेट्रनबाईंना सांगून काही सवलत मिळते का बघ. अजून वर्ष आहे. निघेल काहीतरी.

तुझा दादा


६ एप्रिल

प्रिय ठके,

उत्तर नाही. फोनही उचलत नाहीस. हॉस्पिटलात फोन केला तर कोणी बाई म्हणाली, कामात आहेत. तिचा आवाज मला जरा तुटक वाटला.

तुला वाईट वाटलं असणार, ते मी समजू शकतो. पण माझ्यावर कशाला राग? बेकरी आता पूर्ण बंद झाली. दवाखान्यात नवी मुलगी मिळत नाही, विचारायला आलेल्या दोघी येण्याजाण्याचं अंतर बघून परत गेल्या. मीही वैतागलोय. दोन ओळी तरी लिही.

दादा


११ एप्रिल

दादा,

लिहिते.

मी आले होते. बारा तारखेला. मेट्रनबाईंनीच रजा दिली, म्हणाल्या, तुमचे भाऊ समितीत आहेत, तुम्ही उठून दोन शब्द बोललात तर बरं पडेल. ठेवणीतले कपडे घातले. तुला न सांगता येऊन तुला चकित करायचं, असा पोरकट विचार होता. सभागृहात मागच्या रांगेत पाण्याच्या पिंपाशेजारी खुर्ची मिळाली, पुढे खांब होता. खिडकीतून कापड दिसत होतं. वाऱ्यात एकही शिवण हललेली नव्हती, म्हणून मी मनात खूश.

मग तू उठलास. मी शेजारच्या बाईला सांगितलं सुद्धा, हा माझा भाऊ.

तू म्हणालास, हे कापड बघा, उद्या ही भिंत कायमची आपल्या डोळ्यांसमोर येणार, आपल्या मुलांच्या अंगणातलं सकाळचं ऊन जाणार. आणखीही म्हणालास. या गल्लीला एक वळण आहे, येणारे लोक आज इथे तर उद्या तिथे, त्यांना गल्लीशी काय देणंघेणं. फार छान बोलतोस तू. लोक टाळ्या वाजवत होते. मी शिवलेल्या कापडाकडे हात करून तू बोलत होतास, आणि मला आधी वाटलं की मीच काहीतरी उलटं ऐकतेय, आता शेवटी हा वळवेल.

अधिकाऱ्यांनी विचारलं, त्या कापडावर वर तो निळा चौकोन काय दाखवतो? तू वळून बघितलंस. तू म्हणालास, "काही नाही साहेब, शिवणारीची चूक असेल."

इतकी वर्षं मशीनवर बसतेय. माझ्या शिवणीत चूक आहे असं मला कोणी म्हटलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी तो प्रश्न विचारला, इथे राहायला येणारं कोणी आहे का. तू पत्रात लिहिलंस की कोणी उठलं नाही. बरोबर लिहिलंस. मी पुढच्या खुर्चीची पाठ धरली होती. उठायला एवढंसंच बाकी होतं. पण उठले असते तर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं आणि मग तुझ्याकडे. शेजारच्या बाईला तर मी सांगून बसले होते की तू माझा भाऊ. तू तुझ्याच लोकांत तोंडावर आपटला असतास. तो विचार आला आणि मी धरलेली पाठ सोडून दिली. तू सगळ्या सभागृहावरून नजर फिरवलीस, खांबावरूनही, आणि म्हणालास, "बघा, कोणीच नाही." लाज तुला वाटायला हवी होती, ती मला वाटली. मी खांबामागे आणखी आत सरकले.

राग तुझा येतो तो येतोच. पण झोप लागत नाही ती दुसऱ्याच कारणाने. माझ्या नावाखाली बाकीच्यांची नावं होती. दुसऱ्या दिवशी कपडाघरात सगळ्या जणींनी विचारलं, ठकीताई, बोललात ना? मी म्हटलं, हो, बोलले, पण ऐकलं नाही त्यांनी. त्यांनी मला चहा आणून दिला. तो चहा मी प्याले.

आता कळलं ना आवाज तुटक का होता. त्या बिचारीला वाटतं, मी तुमच्या गल्लीशी भांडून हरले.

ठकी


२३ एप्रिल

ठके,

हे पत्र चार वेळा फाडलं. प्रत्येक वेळी त्यात "पण" हा शब्द यायचा. या वेळी येऊ देणार नाही.

तू पहिलं पत्र लिहिलंस त्याच्या आधीपासून मी विरोधाच्या बाजूने होतो. मीच पुढे होतो. तुझं पत्र वाचलं तेव्हा मला आनंद झाला, तो खोटा नव्हता. मी ते पत्र एका खणात ठेवलं आणि समितीचे कागद दुसऱ्या खणात, आणि दोन्ही खण एकदम कधी उघडले नाहीत. स्वतःला सांगत राहिलो की ठकीसाठी वेगळं काहीतरी बघू. काहीतरी म्हणजे काय, ते मला आजही सांगता येणार नाही. कापडाचं तर मी तुला जाणूनबुजून अर्धवट लिहिलं. एवढं चांगलं कापड दुसरं कोणी शिवणार नाही हे मला माहीत होतं.

उन्हाचं आणि कुंड्यांचं खरं आहे, तेवढंच नाही. घराची किंमत कमी होईल अशी भीती होती. आणि त्याच्याही खाली एक गोष्ट आहे. गल्लीत मी तुझ्याबद्दल "हॉस्पिटलात अधिकारी आहे" असं सांगत आलोय. तू समोर राहायला आली असतीस तर सकाळी बाकीच्यांबरोबर डबा घेऊन कामाला जाताना दिसली असतीस. लोकांनी विचारलं असतं. मला नुसती इमारत नको होती असं नाही, ठके. त्या इमारतीत तू नको होतीस.

निळ्या चौकोनाचं मला आठवत होतं. विसरलो असतो तर बरं झालं असतं. वळून बघितलं तेव्हा तुझं पत्र शब्दन् शब्द आठवलं, आणि तरी तोंडातून ते वाक्य गेलं, अगदी सहज.

नगरपालिकेत जाऊन आलो. म्हटलं, मला माझं म्हणणं मागे घ्यायचं आहे. तिथली बाई म्हणाली, निर्णय झाल्यावर म्हणणं मागे घेतलं काय आणि नाही घेतलं काय. तिने मला पाणी दिलं.

आमची वरची खोली आहे. तू लहानपणी राहायचीस ती. व्यायामाचं यंत्र काढून टाकतो. वहिनीशी बोललो, ती तयार आहे. हॉस्पिटल चालत दहा मिनिटांवर. तू ये. उपकार म्हणून म्हणत नाही.

दादा


९ मे

दादा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. खरं लिहिलंस. ते वाचून बरं वाटलं असं म्हणणार नाही, पण खरं आहे एवढं कळलं.

वरच्या खोलीबद्दल. ती खोली मला चांगली ठाऊक आहे. मावशीने मला कधी काही कमी केलं नाही, तूही आपल्या वाट्याचं द्यायचास. पण जिना उतरताना मी मधल्या पायरीवर थांबायचे आणि कान द्यायचे. खाली तुमचं काही घरचं बोलणं चाललंय का, आत्ता गेले तर चालेल का. कोणी तसं शिकवलं नव्हतं. परक्या घरी ते आपोआप येतं, घर कितीही मायेचं असलं तरी. आता या वयात पुन्हा त्या पायरीवर उभं राहायला सांगू नकोस. मला मोठं काही नको होतं. एक दार हवं होतं, ज्याची किल्ली माझ्याकडे असेल आणि आत जाताना कोणाचा अंदाज घ्यावा लागणार नाही. वहिनीला सांग, मी तिच्यावर रागावलेले नाही.

पुढच्या वर्षी पद दुसरीला द्यायचं ठरलं. चांगली मुलगी आहे, तिचं सासर हॉस्पिटलच्या मागेच आहे. हात अजून कच्चा आहे, मी शिकवतेय. ती मला "मॅडम" म्हणते आणि मग ओशाळते, कारण पुढे मी तिला तसं म्हणायला हवं.

कपडाघरातल्या दोघी महिनाअखेर सोडून चालल्या आहेत. दुसऱ्या शहरात, जिथे कामाजवळ खोल्या मिळतात. त्यांना मी परवा खरं सांगितलं, की मी सभागृहात होते आणि तोंड उघडलं नाही. एक जण मशीन चालवत राहिली. दुसरी म्हणाली, सख्खा भाऊ ना, मग कसं बोलणार. मी म्हटलं, मावसभाऊ. ती म्हणाली, तेच ते.

तेच ते, दादा. म्हणून तर राग नीट धरताही येत नाही.

ठकी


१९ जून

ठके,

काल समितीची सभा झाली. आधी मागच्या सुनावणीचा वृत्तांत वाचून दाखवतात आणि सगळे माना हलवतात. त्यात ते वाक्य होतं. "कापडावरील निळा चौकोन ही शिवणकामातील चूक असल्याचा खुलासा करण्यात आला." मी उठलो. म्हटलं, हे दुरुस्त करा. ती चूक नव्हती. ती खिडकी होती. माझी मावसबहीण हॉस्पिटलात शिवणकाम करते, हे अख्खं कापड तिने शिवलं, आणि ती त्या खोलीत राहायला येणार होती. हे मला माहीत होतं.

एकाने खुर्ची सरकवली. बेकरीवाला आला होता, दुकान विकायची सूचना लावायला. तो मागून म्हणाला, "मग आता त्या कुठे राहतात?"

साधा प्रश्न होता. इतकी वर्षं मी तुला हॉस्पिटलच्या पत्त्यावर लिहितोय. बहिणीचं घर मी पाहिलेलं नाही. कुठल्या बाजूला आहे, कितव्या मजल्यावर आहे, तुझ्याबरोबर कोणी असतं का, काही म्हणजे काही माहीत नाही, आणि कधी विचारावंसंही वाटलं नाही. हवेशीर आहे एवढं तू लिहिलं होतंस, तेच आठवलं. पंचवीस-तीस माणसांसमोर मी म्हणालो, "मला माहीत नाही."

तुझ्या गोष्टीचा काही परिणाम झाला असेल असं वाटून घेऊ नकोस. पुढचा विषय बस डेपोजवळच्या पाच मजली इमारतीला विरोध करण्याचा होता. तो मंजूर झाला. मी सही केली नाही. माझ्यावाचून काही अडलं नाही, पाच मिनिटांत सगळं आटोपलं. त्यांनी तुझं कापड मागितलं, चांगलं टिकाऊ आहे, पुन्हा वापरता येईल म्हणून. मी दिलं नाही. ते आदल्या रविवारी मीच उतरवून, धुऊन, घडी करून ठेवलं आहे. वहिनी धरू लागली.

आता मी विचारतो, उशिरा विचारतो. तू कुठे राहतेस? मला यायचं आहे.

दादा


२८ जून

दादा,

बस शेवटच्या थांब्यापर्यंत येऊ दे, मधे उतरू नकोस. समोर टायरचं दुकान आहे, त्याच्या मागून गल्ली जाते. ट्रक दुरुस्त करतात त्या गॅरेजच्या वर लोखंडी जिना आहे. कठडा धरू नकोस, हलतो.

दार ठोठावू नकोस, ढकल. आत एक बाई झोपलेली असते, हॉस्पिटलच्या रात्रपाळीची. ती उठली की मी झोपते. पलंग एकच आहे, अर्धं भाडं ती देते. हवेशीर म्हणून लिहिलं होतं ते खोटं. खिडकी नाही. तुला कळलं असतं तर तू "आमच्याकडे राहायला ये" म्हणाला असतास आणि मला नाही म्हणता आलं नसतं, आणि नसतास म्हणाला तर ते आणखी वाईट झालं असतं. म्हणून पत्ता दिला नाही. तेव्हा बहिणीचं घर पाहिलं नाही याची सगळी लाज एकट्याने घेऊ नकोस. थोडी माझ्याकडची आहे.

बसायला जागा नाही हे आधीच सांगते. आपण जिन्यावर उभं राहून बोलू.

कापड आण. मला मधोमध पडदा लावायचा आहे, म्हणजे तिला दिव्याच्या उजेडाचा त्रास होणार नाही. मोठं आहे, कापून घेईन. निळा तुकडा मात्र उसवू नकोस.

ठकी